चालत्या घराचा ताळेबंद

निवृत्तीनंतर अमेरिकेत मुलाकडे जाण्याचा योग गेल्या हिवाळ्यात तिसऱ्यांदा आला. अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहराच्या पश्चिम उपनगरात मुलगा, सूनबाई आणि अकरा वर्षांचा नातू राहतात. विमानतळावरून घरी पोहोचलो, तो अंगणाच्या कडेला खिडक्या असलेली एक पांढरी, लांबलचक भिंतच उभी दिसली. "बाबा, हे आपले दुसरे घर," मुलगा कौतुकाने म्हणाला. जवळजवळ बारा मीटर लांबीचे ते घर चार चाकांवर उभे होते. सौभाग्यवतींनी आत शिरून प्रथम स्वयंपाकघर पाहिले, शेगडी आणि शीतकपाट पाहिले, आणि समाधानाने मान डोलावली.

अशा वाहनाला तिकडे 'फिफ्थ व्हील टॉय हॉलर' म्हणतात. पूर्वी घोडागाडीच्या पुढच्या आसावर, गाडी सहज वळावी म्हणून, एक आडवे चक्र बसवीत. ते पाचवे चाक. त्यावरून आलेले हे नाव. आज त्या जागी पिकअप ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या जवळपास वर, एक पोलादी जबडा बसवितात. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली किंगपिन नावाची जाड खुंटी असते, ती या जबड्यात अडकते. आपल्या महामार्गांवर कंटेनर ओढणारी वाहने याच तत्त्वावर चालतात. 'टॉय' म्हणजे मोठ्या माणसांची खेळणी. ट्रेलरच्या मागच्या भागात चक्क गॅरेज असते. मागची संपूर्ण भिंत खाली उघडते आणि तिचाच उतार होतो. त्यावरून वाळवंटात फिरण्याची चारचाकी किंवा मोटारसायकल आत चढवायची. पुढे शयनगृह, मध्ये स्वयंपाकघर, मागे वाहनतळ अशी ही रचना.

मुलाने हे घर जुने विकत घेतले होते आणि दीड वर्ष सुट्टीच्या दिवशी त्यात सुधारणा चालविल्या होत्या. काही सुधारणा मला मनापासून पटल्या. टायर त्याने अधिक भार पेलणारे घातले. चाकांमधील इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक काढून हायड्रॉलिक दाबावर चालणारे डिस्क ब्रेक बसविले. छतावर चार सौर पट्ट्या लावल्या. शिशाच्या चार बॅटऱ्यांच्या जागी तीन लिथियम बॅटऱ्या आणल्या आणि त्यांना मानवेल असा नवा चार्जरही घेतला. शिशाची बॅटरी टिकवायची तर तिच्यातील निम्मीच वीज वापरावी लागते. लिथियमची मात्र बहुतेक सगळी वापरता येते, आणि वजन निम्मे किंवा त्याहूनही कमी भरते.

हे सारे कशासाठी, तर क्वार्टझसाइटसाठी. फिनिक्सहून पश्चिमेस सुमारे दोनशे किलोमीटरवर, कॅलिफोर्नियाच्या सीमेअलीकडे, हे वाळवंटी गाव आहे. कायमची वस्ती सुमारे अडीच हजार. पण हिवाळा आला की उत्तरेकडील बर्फाला कंटाळलेले हजारो लोक आपापली चालती घरे घेऊन इथे उतरतात. जानेवारीत भव्य तंबूत अशा वाहनांचे मोठे प्रदर्शन भरते. गावाच्या दक्षिणेस ला पोसा नावाची विस्तीर्ण सरकारी जमीन आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळात परवाना काढून तिथे मुक्काम करता येतो. मुक्कामाच्या जागी मात्र विजेची किंवा नळाची जोडणी नाही. आपली वीज आपण तयार करायची आणि आपले पाणी आपण साठवायचे.

निघण्याच्या दोन दिवस आधी सामान भरणे सुरू झाले. मी ट्रकच्या दाराशी उभा होतो. दाराच्या चौकटीवर एक लहानशी पिवळी चिठ्ठी चिकटविलेली दिसली. प्रवासी आणि सामान मिळून अमुक वजनाच्या वर जाऊ नये, असे तिच्यावर छापले होते. तिकडे पौंडांचा हिशेब असतो. वाचकांच्या सोयीसाठी मी किलोत लिहितो. चिठ्ठीवरचा आकडा होता १,६४० किलो.

"ट्रकवर एवढेच वजन चालते?" मी विचारले.

"बाबा, तो आकडा आत बसणाऱ्यांसाठी. ओढण्याची क्षमता आठ हजार किलोंच्या वर आहे. माहितीपत्रकात लिहिले आहे," मुलगा म्हणाला.

मी गप्प राहिलो, पण रात्री झोप लागेना. बँकेत माझी बरीचशी नोकरी कर्ज विभागात गेली. आपल्या व्यापारी वाचकांना कॅश क्रेडिट खाते नवे नाही. बँक पन्नास लाखांची मर्यादा मंजूर करते. पण महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून, मार्जिन वजा जाता, ड्रॉइंग पॉवर चाळीस लाख निघाली, तर चाळीसच उचलता येतात. दोन आकड्यांत जो लहान तोच खरा. माहितीपत्रकातील आठ हजार ही मंजूर मर्यादा होती. दारावरची चिठ्ठी ही ड्रॉइंग पॉवर होती.

कारण ट्रेलरचे सगळे वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर नसते. बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. ओझे फार पुढे घातले तर ते बैलांच्या मानेवर येते. फार मागे घातले तर गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. फिफ्थ व्हीलमध्येही एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा खुंटीवरून ट्रकवर येतो. हा हिस्सा, माणसे, हौद्यातील सामान आणि तो पोलादी जबडा, या सर्वांची बेरीज त्या १,६४० किलोंत बसायला हवी.

सकाळी मी हा हिशेब कागदावर मांडून दाखविला. मुलगा अभियंता आहे. त्याने वाद घातला नाही. "अंदाजावर भांडण्यापेक्षा काट्यावर जाऊ," तो म्हणाला.

महामार्गालगतच्या ट्रक-तळांवर आपल्या मार्केट यार्डातल्यासारखे भुईकाटे असतात. ट्रकचा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस तीन वेगवेगळ्या पाट्यांवर एकाच वेळी तोलले जातात आणि छापील पावती मिळते. आम्ही पाचही जण ट्रकमध्ये बसून गेलो. एकदा ट्रेलरसह वजन केले, मग ट्रेलर तळावर सोडून नुसत्या ट्रकचे केले. ट्रेलर जोडलेला असताना ट्रकच्या चार चाकांवर ५,५८६ किलो भरले, नुसत्या ट्रकवर ४,०५६. फरक १,५३० किलो. हा खुंटीचा भार. आम्ही माणसे ३१० किलो, जबडा ८०, हौद्यातील हत्यारे ९०. एकूण २,०१० किलो. म्हणजे चिठ्ठीपेक्षा ३७० किलो अधिक. ट्रेलरचे स्वतःचे वजनही ७,४३० किलो निघाले. त्याच्या कारखान्याने घातलेली मर्यादा ७,२५७ होती.

"पण ट्रक तर सहज ओढतो आहे," सूनबाई म्हणाल्या. नेमका हाच धोका आहे. शक्तिमान डिझेल इंजिनाला ओझे जाणवत नाही. ते जाणवते ते कमान-पट्ट्यांना, मागच्या टायरांना, आसाला आणि ब्रेकला. त्यांचे गाऱ्हाणे आपल्याला ऐकू येते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

मुलाने एक तोड सुचविली. मागच्या गॅरेजमध्ये आणखी सामान भरायचे. गॅरेज ट्रेलरच्या चाकांच्या मागे असल्यामुळे तिथले वजन पुढची खुंटी उचलून धरते आणि ट्रकवरचा भार उतरतो. गणित बरोबर होते. तरी मला हसू आले. ३१ मार्चला ताळेबंद सजवितात, त्यातलाच हा प्रकार. एक रकाना सुधारतो, पण मुळातच मर्यादा ओलांडलेला ट्रेलर अधिक जड होतो. शिवाय खुंटी फार हलकी झाली तर वाऱ्याच्या झोतात ट्रेलर मागे झुलू लागतो. गाडी उलाळ होते ती अशी.

त्या दुपारी मी मुलाला एक जुनी गोष्ट सांगितली. तालुक्याच्या शाखेत असताना एक कापड व्यापारी माझे खातेदार होते. माणूस सचोटीचा. दुकानाला दुसरा मजला चढविला, वातानुकूलन केले, फर्निचर केले. पैसा सगळा त्यात अडकला आणि साठा घटत गेला. स्टेटमेंटमधले आकडे मला खटकले होते. पण ओळखीचे घर, मुलीचे लग्न तोंडावर आलेले. "पुढच्या महिन्यात बघू" असे मी तीन वेळा म्हटले. वेळीच थांबविले असते तर ते सावरले असते. पुढे त्यांना दुकान विकावे लागले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, आणि तेच मला अधिक लागले. "त्या वेळी मी भिडेखातर गप्प बसलो," मी म्हणालो, "आज या ट्रकमध्ये माझा नातू बसणार आहे."

मुलगा काही बोलला नाही. उठून त्याने ट्रेलरच्या पुढच्या कप्प्याचे दार उघडले. आत शिशाच्या चारही जुन्या बॅटऱ्या तशाच होत्या. "असू देत, अडीअडचणीला," म्हणून ठेवलेल्या. एकेक २८ किलोंची, मिळून ११२. शेजारी ९० किलोंचे जुने जनरेटर. हा कप्पा थेट खुंटीच्या वर असतो, त्यामुळे तिथले जवळपास सगळे वजन ट्रकवर येते. नवे बसविले होते, पण जुने काढले नव्हते. सुधारणा म्हणजे केवळ भर घालणे, असे आपण सगळेच समजतो.

बॅटऱ्या आणि जनरेटर उतरविले. पाण्याची टाकी ३७८ लिटरांची, म्हणजे तितक्याच किलोंची, काठोकाठ भरली होती. ला पोसाच्या आवारात पाणी भरण्याची सोय आहे, मग रस्त्यावर वाहून का न्यायचे? ९५ लिटर ठेवून बाकीचे बागेला दिले. हत्यारांतील ५० किलो कमी केले. सौभाग्यवती, सूनबाई आणि नातू मोटारीने मागून यायचे ठरले, आणि खाकरे-लाडवांचे डबेही मोटारीत गेले. निघण्याच्या सकाळी पुन्हा काट्यावर गेलो. खुंटीचा भार १,३००, आम्ही दोघे, जबडा आणि हत्यारे मिळून २७४. बेरीज १,५७४ किलो. ट्रेलर ६,९४५ किलो. चिठ्ठीच्या आत ६६ किलो शिल्लक होते. मार्जिन थोडे होते, पण खाते नियमित झाले होते.

ट्रेलर जोडल्यावर मुलगा दर वेळी एक चाचणी घेतो. ट्रेलरचे ब्रेक दाबून धरायचे आणि ट्रक हळूच पुढे ओढून पाहायचा. जबडा नीट मिटला नसेल तर तिथेच कळते. शिवाय एक बारीक तार ट्रकला अडकविलेली असते. ट्रेलर सुटलाच तर ती ओढली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात.

महामार्गावर ताशी ७५ मैलांची मुभा आहे. आम्ही ६० मैलांवर, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरवर राहिलो. दोन्ही बाजूंना हात उंचावून उभे असलेले साग्वारो निवडुंग, तांबूस बोडके डोंगर आणि वर निरभ्र निळे आकाश. मोठमोठी वाहने आम्हाला मागे टाकून जात होती. मुलाने एकदाही वेग वाढविला नाही.

ला पोसाला दुपारी पोहोचलो. पाणी भरून घेतले. ट्रेलर स्थिर केला आणि सूर्यास्तापूर्वी मोकळ्या वाळवंटात आमची जेवणे झाली. रात्री दिवे सौर विजेवर लागले. उतरविलेल्या जनरेटरची चार दिवसांत कोणालाही आठवण झाली नाही.

गावाच्या स्मशानभूमीत एक दगडी पिरॅमिड आहे आणि त्याच्या टोकावर धातूचा उंट. ही हाय जॉली याची समाधी. त्याचे मूळ नाव हाजी अली. ओझी वाहण्यासाठी अमेरिकी सैन्याने मध्यपूर्वेतून उंट मागविले, त्यांच्याबरोबर १८५६ साली तो आला. स्थानिक जिभांनी त्याच्या नावाचे हाय जॉली केले. उंटांचा प्रयोग पुढे बंद पडला, पण तो याच मुलखात राहिला आणि १९०२ साली इथेच वारला. नातवाने विचारले, "आजोबा, उंटावर जास्त ओझे घातले तर?" मी सांगितले, "आपल्याकडे राजस्थानात म्हणतात, ओझे जास्त झाले की उंट उठतच नाही. बसून राहतो."

"मग उंट ट्रकपेक्षा हुशार," तो म्हणाला.

मुलाला आता मागे चार चाके असलेला मोठा ट्रक घ्यायचा आहे. मी विरोध केला नाही. क्षमता आधी वाढवावी, ओझे मागाहून, एवढेच सांगितले. घरी परतल्यावर त्याने जुन्या बॅटऱ्या विकून टाकल्या. भुईकाट्याच्या दोन्ही पावत्या मी मागून घेतल्या. त्या माझ्या दैनंदिनीत आहेत.