'त्यांच्या' म्हणजे कुणाच्या?

आमची नात परदेशी महाविद्यालयांतील प्रवेशासाठी अमेरिकेच्या सॅट परीक्षेची तयारी करीत आहे. एका जुन्या सरावपुस्तकातील इंग्रजी वाक्य तिने परवा आमच्यापुढे ठेवले. 'शिकागोचा हिवाळा बॉस्टनपेक्षा कडक असतो', अशा अर्थाचे. तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेवर वाढलेले आम्ही. वाक्य निर्दोष असल्याचा निर्वाळा देऊन मोकळे झालो. उत्तरसूचीने आम्हांस नापास केले. हिवाळ्याची तुलना शहराशी कशी होईल? 'दॅट ऑफ बॉस्टन' असे हवे होते.

आधी राग आला, मग हसू. 'आमच्या घरचे श्रीखंड पुण्यापेक्षा गोड' असे आम्ही बडोद्यास येणाऱ्या पाहुण्यांना आयुष्यभर ऐकवीत आलो, आणि कोणी पुणे चाखून पाहिले नाही! आमची आजी मात्र 'पुण्याच्यापेक्षा' म्हणे. त्या 'च्या'मध्ये न उच्चारलेले श्रीखंड बसलेले असते. ते अक्षर आमच्या तोंडून केव्हा गळाले, कळलेही नाही.

सर्वनामांचे प्रकरण याहून नाजूक. तेथे परीक्षकांचाही पाय घसरतो. ऑक्टोबर २००२ मधील पीसॅट परीक्षेत टोनी मॉरिसन यांच्याविषयी एक वाक्य होते. मॉरिसन यांची प्रतिभा त्यांना कादंबऱ्या निर्माण करण्याचे सामर्थ्य देते, असा त्याचा आरंभ. उत्तर होते, 'चूक नाही'. मेरीलँडमधील एका शिक्षकाने हरकत घेतली: 'मॉरिसन यांची' हे षष्ठ्यंत रूप विशेषणासारखे आहे, 'हर' या सर्वनामाने उभे राहावयाचे कोणत्या नामावर? बराच पत्रव्यवहार झाला आणि २००३ साली कॉलेज बोर्डाने तो प्रश्न रद्द करून गुण पुन्हा मोजले. गंमत अशी की, हा नियमच अनेक व्याकरणकारांना मान्य नाही. आम्हांसही ते वाक्य निर्दोषच वाटते. पण आमच्या निर्वाळ्याची किंमत वर आलीच आहे.

नातीला आम्ही मोठ्या तोऱ्याने सांगितले, की इंग्रजीत 'हिज' म्हटले की कुणाचे ते शोधत बसावे लागते; मराठीने त्याची सोय केली आहे. कर्त्याचे स्वतःचे असेल तर 'आपले', दुसऱ्याचे असेल तर 'त्याचे'. बोलताना सारेच सूट घेतात, ही गोष्ट निराळी. उदाहरण म्हणून, कोण जाणे का, आमच्या ओठी घरच्याच एका पत्रातले वाक्य आले. थोरल्या आत्याबाईंनी १९४६ साली लिहिले होते, 'अण्णांनी नानांच्या हाती त्यांच्या वाड्याच्या किल्ल्या दिल्या.'

अण्णा आमचे आजोबा, नाना त्यांचे धाकटे बंधू. वाडा अण्णांचा आणि नाना नुसते सांभाळणारे, असे आमच्या घरी लहानपणापासून ऐकले. वाडा नानांचाच होता, असे त्यांची मुले म्हणत. दुसरा कागद कोणापाशी नव्हता. वाडा विकला गेला, पैशांची वाटणी झाली, आणि एका गावात राहून दोन्ही घरांत लग्नाच्या अक्षताही येईनाशा झाल्या. त्याला एकतीस वर्षे झाली.

नातीने वाक्य वहीत उतरवून घेतले, 'त्यांच्या'खाली रेघ मारली आणि म्हणाली, "आजोबा, अण्णांचा वाडा असता तर पणजी-आत्याने 'आपल्या वाड्याच्या' लिहिलं असतं ना?"

त्या काळचे लोक इतके काटेकोर लिहीत नसत, असे आम्ही म्हणालो. पण आत्याबाई मुलींच्या शाळेत मराठीच शिकवीत होत्या, हे तिला सांगितले नाही. रात्री ट्रंकेतून ते पत्र काढले. संपूर्ण पत्रात 'आपला' हा शब्द पाच ठिकाणी आहे, आणि पाचही ठिकाणी जेथे हवा तेथेच. नानांच्या थोरल्या मुलाचा दूरध्वनी क्रमांक आमच्या डायरीत आहे. तो अजून तोच असेल का, हे पाहावयाचे आहे.