चौदा सेकंद आणि साडेसतरा लाख

आमच्या डोंबिवलीच्या घरात कालनिर्णयवर तीनच गोष्टींची नोंद होते. गॅस सिलिंडर कधी लावला, दूधवाल्याचे खाडे आणि बाबांच्या बीपीच्या गोळ्या कधी संपणार. २०२० सालच्या ऑक्टोबर महिन्यात मात्र ५ तारखेभोवती लाल पेनाने एक गरगरीत गोल काढलेला होता. आई दोन दिवस त्या गोलाकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "अगं, दादाने कुणी मुलगी बघितलीय का? पाच तारखेला भेटायचं ठरलंय का काही?"

मुलगी कसली डोंबलाची! पाच ऑक्टोबरला एक कुत्रा येणार होता.

म्हणजे स्नूपी. कॉमिक्समधला तो पांढरा, लांब कानांचा. ५ ऑक्टोबर १९७० रोजी नासाच्या अंतराळवीरांनी ओमेगा या घड्याळ कंपनीला 'सिल्व्हर स्नूपी' पुरस्कार दिला होता. अंतराळवीरांच्या सुरक्षिततेसाठी झटणाऱ्यांना देतात तो. कारण काय, तर त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अपोलो १३ ची ऑक्सिजनची टाकी फुटली, चंद्र राहिला बाजूला आणि तिघं जिवंत परत येतात की नाही अशी वेळ आली. वीज वाचवायला यानातली बरीच यंत्रणा बंद. परतीचा मार्ग दुरुस्त करायला इंजिन बरोबर १४ सेकंद चालवायचं होतं. ते १४ सेकंद जॅक स्वायगर्टने मोजले हातातल्या ओमेगा स्पीडमास्टरवर. झालं! त्या चौदा सेकंदांवर कंपनीने पुढे २००३ मध्ये एक आणि २०१५ मध्ये दुसरं स्नूपी घड्याळ काढलं. २०२० मध्ये पुरस्काराला पन्नास वर्षं होणार होती. तिसरं येणार हे सगळ्या जगाला माहीत होतं. निदान दादाच्या जगाला तरी.

लॉकडाऊनमध्ये आम्ही दोघं एकाच खोलीतून काम करायचो. तो आयटीवाला, पुण्याहून घरी परतलेला. मी मास कॉम संपवून नुकतीच फ्रीलान्सिंगला लागलेली, म्हणजे खरं सांगायचं तर बेकार. त्यामुळे दादाचा तो सप्टेंबर मी अगदी जवळून पाहिलाय. डायल कुठल्या रंगाची असेल, स्नूपी पुढे असेल की मागे, आणि मुख्य म्हणजे किती नग काढतील नि किंमत काय ठेवतील. रात्री एक-एक वाजेपर्यंत तो नि त्याचे दोन मित्र फोनवर यावरच बोलत. बारावीचा निकाल लागायच्या आधी मार्कांचे अंदाज बांधतात ना, डिट्टो तसंच.

आणि अंदाज हवेतले नसतात बरं का! यांचा एक फंडा असतो. स्मारक म्हणून काढलेल्या घड्याळाचा आकडासुद्धा गोष्ट सांगतो. २००३ चं स्नूपी काढलं ५,४४१ नग. का? तर अपोलो १३ ची मोहीम चालली १४२ तास ५४ मिनिटं ४१ सेकंद, त्यातले शेवटचे चार आकडे. २०१५ चं काढलं १,९७० नग. अपोलो ११ ला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०१९ मध्ये, स्टीलचं काढलं ६,९६९ आणि सोन्याचं १,०१४. हा १,०१४ आकडा आणखी भारी. १९६९ मध्ये चंद्रविजयाच्या सन्मानार्थ कंपनीने सोन्याची घड्याळं काढली होती, तीही तेवढीच. त्यातलं पहिल्या क्रमांकाचं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासाठी होतं. इतकी महागडी भेट नियमात बसत नाही म्हणून त्यांनी ते परत केलं. (आपल्याकडचे नेते आठवले? मलाही.)

तर ५ ऑक्टोबर उजाडला आणि घड्याळ आलं. मी कितीही नाकं मुरडली तरी खरं सांगते, गोड होतं. चंदेरी डायल, निळा पट्टा, नऊ वाजायच्या जागी छोट्या गोल डायलमध्ये चांदीचा स्नूपी. खरी गंमत पाठीमागे. क्रोनोग्राफ, म्हणजे आपलं स्टॉपवॉच, चालू केलं की काचेमागे यानात बसलेला स्नूपी चंद्राच्या मागच्या बाजूवरून फिरायला लागतो आणि लांबवर पृथ्वी हळूहळू फिरत राहते. अमेरिकेत किंमत ९,६०० डॉलर.

आणि नग किती? इथे दादाचा चेहरा पडला. आकडाच नव्हता. कंपनीने हे लिमिटेड एडिशन म्हणून काढलंच नव्हतं. जमेल तसं, थोडं थोडं बनवत राहणार.

ही गोष्ट जरा लक्षात ठेवा. पुढे आम्ही ती विसरलो.

दुसऱ्या दिवशी दादाने मुंबईतल्या एका चकाचक दुकानात नाव नोंदवलं. फोनवर "सर, नक्की सर, यादीत घेतलंय सर." मग सुरू झालं वाट बघणं. सहा महिने झाले, वर्ष झालं. दुकानातला पोरगा अतिशय गोड बोलायचा, पण घड्याळ काही यायचं नाही. एकदा मी सोबत गेले होते, तेव्हा त्याने कॉफी पाजली आणि हळूच सुचवलं, की सरांनी आमच्याकडून आधी एखाददुसरं घड्याळ घेतलं असतं तर 'हिस्टरी' झाली असती. म्हणजे सिनेमाचं तिकीट हवं तर आधी दोन पडेल सिनेमे बघा! दादा बाहेर येऊन म्हणाला, "बरोबर आहे त्याचं. कुणाला द्यायचं हे त्याने ठरवायलाच हवं ना." मला तिथेच कळायला हवं होतं, की हा आता कामातून गेला.

या धंद्याची खरी मेख तिथेच आहे. कंपनीने ठरवलं तर ती किंमत दुप्पट ठेवू शकते. घेणारे तरीही घेतील. पण ती तसं करत नाही. छापील किंमत आणि बाहेरचा भाव यांच्यात जी दरी राहते, तिच्यावरच सगळा खेळ चालतो. ज्याला छापील किमतीत मिळालं तो स्वतःला लॉटरी लागल्यासारखा मिरवतो आणि ज्याला मिळालं नाही तो बाहेर दुप्पट मोजायला तयार होतो. दोघंही खूश, आणि कंपनीचं नाव वर. ब्लॅकचं तिकीट घेऊन पिक्चर बघितलेल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.

डिसेंबर २०२१ मध्ये आगीत तेल पडलं. पाटेक फिलिप आणि टिफनी यांच्या नात्याला १७० वर्षं झाली म्हणून टिफनीच्या त्या प्रसिद्ध निळ्या डायलचं नॉटिलस आलं. नग १७०. छापील किंमत ५२ हजार डॉलरच्या आसपास. त्यातलं पहिलं आठवड्याच्या आत न्यूयॉर्कला फिलिप्सच्या लिलावात गेलं ६५ लाख डॉलरला! रुपयांत जवळपास ४९ कोटी. लिलाव धर्मादाय होता, पैसे निसर्गसंवर्धनाच्या कामाला जाणार होते, त्यामुळे तो काही बाजारभाव नव्हे. पण हे त्या रात्री कोण ऐकणार? दादा पलंगावर उठून बसला होता. "बघ! लोकांना अजून कळलेलं नाहीये हे काय आहे ते."

मला काय कळलं होतं म्हणा. मी एका मासिकासाठी याच विषयावर लेख केला, चार लोकांशी बोलले, आणि चक्क स्वतःच्याच लेखाने भारावले. २०१५ च्या स्नूपीचा भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट झालेला दिसत होता. दादा म्हणाला, "तुझे तीन लाख दे. वर्षभराने विकू. तीनचे पाच घे."

ते तीन लाख आजीचे होते. जाताना तिने माझ्या नावावर एफडी ठेवली होती. 'हिच्या शिक्षणाला किंवा हिला वाटेल त्याला' असं ती म्हणाली होती. मला वाटलं, हेच ते वाटेल ते. मी मोडली एफडी.

फेब्रुवारी २०२२ मध्ये एका डीलरकडून साडेसतरा लाखाला स्नूपी घरी आला. दादाचे साडेचौदा, जे फ्लॅटच्या डाउन पेमेंटला ठेवले होते, आणि माझे तीन. बाबांना किंमत सांगितली चाळीस हजार. चाळीस हजार ऐकूनच बाबांचा चहा कपातच राहिला. "घड्याळाला? चाळीस?" त्यांच्या हातातलं एचएमटी त्यांनी रेल्वेत लागल्यावर घेतलं होतं आणि ते अजून चालतंय, हे त्यानंतर आम्ही दोन आठवडे ऐकलं.

स्नूपी कपाटात गेला. घालायचा नाही, स्क्रॅच पडला तर भाव पडेल. प्लास्टिक काढायचं नाही. बॉक्स, कागदपत्रं, सगळं नीट. महिन्यातून एकदा रात्री आम्ही दोघं दार लावून तो बाहेर काढायचो, चावी द्यायचो, स्नूपीला चंद्रामागून फिरवून आणायचो आणि परत ठेवायचो. त्या काही मिनिटांत मला खरंच मजा यायची, हे कबूल केलं पाहिजे.

भाव त्या वसंतात शिखरावर होते आणि मग घसरले. व्याजदर वाढले, शेअर पडले, क्रिप्टो गडगडलं, आणि त्या पैशावर उड्या मारणारे बाजारातून गायब झाले. सगळ्याच घड्याळांना फटका बसला, पण आमच्या स्नूपीला एक वेगळं दुखणं होतं. तो बनतच होता! २०१५ चे १,९७० म्हणजे १,९७०च, त्यात एकाची भर पडणार नाही. आमचा मात्र थोडा थोडा करून दुकानांत येत होता, यादीतल्या कुणाकुणाला मिळत होता. आपण दुर्मीळपणाचे पैसे मोजले होते आणि दुर्मीळपणाचं वचन कुणी दिलंच नव्हतं. दादा हे पहिल्या दिवशी स्वतः बोलला होता. वाट बघता बघता माणूस आपणच बोललेलं विसरतो.

२०२३ चे गणपती. घरात पाहुण्यांची गर्दी. आईने कपाट आवरायला काढलं आणि तिला ते घड्याळ बंद पडलेलं दिसलं. चावीचं घड्याळ ते, दोन महिने कुणी हात लावला नव्हता. बाबांना वाटलं सेल गेला असेल. मुलगा कामात आहे, आपण टाकून आणू. त्यांनी ते शर्टाच्या खिशात टाकलं, हो, खिशात, आणि फडके रोडजवळच्या त्यांच्या नेहमीच्या घड्याळजीकडे गेले.

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणे त्याने टेबलावर स्वच्छ रुमाल अंथरला, घड्याळ त्यावर ठेवलं, दोन-चार वेळा चावी दिली आणि दोन्ही हातांनी परत केलं. "काका, हे खिशात घालून फिरू नका. रिक्षा करून घरी जा."

बाबा घरी आले तेव्हा आरती चालू होती. ते मागे उभे राहिले. प्रसाद वाटून झाला, पाहुणे गेले. मग त्यांनी घड्याळ दादाच्या हातात दिलं. दादाने सगळं खरं सांगितलं, आकड्यासकट. मी तयारीत होते की आता घर डोक्यावर घेणार. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "आजीचे किती?"

"तीन."

ते उठून गॅलरीत गेले. बराच वेळ तिथेच उभे होते.

दुसऱ्या दिवशीपासून दादा विकायच्या मागे लागला. त्याच डीलरने, ज्याने दीड वर्षापूर्वी "सर, हे सोनं आहे" म्हटलं होतं, साडेअकरा सांगितले. दुसऱ्याने त्याहून कमी. दादा साडेअकराला तयार झाला होता. बाबांनीच अडवलं. "विकलंस तर सहा लाख जातील आणि घड्याळही जाईल. घाल ते. आणि हिचे पैसे हिला दे." मी म्हटलं, अहो बाबा, मी माझ्या मर्जीने दिले होते, तोटा अर्धा माझा. बाबा म्हणाले, "तुझे असते तर ठीक होतं."

मग दरमहा पंधरा हजार. ऑक्टोबरपासून बरोबर पहिल्या तारखेला. फ्लॅट लांबला, दादाचं लग्नही लांबलं असं आईचं ठाम मत आहे. (मुलीने घड्याळामुळे नकार दिला नव्हता, पण आईला पटवणार कोण.) सगळ्या फेडीत आम्ही त्या पैशांविषयी एकदाही बोललो नाही. विसाव्या हप्त्याच्या मेसेजखाली त्याने फक्त एक कुत्र्याचं चित्र टाकलं. मी त्या तीन लाखांचं अजून काही केलेलं नाही. परत एफडीत आहेत.

घड्याळ आता दादाच्या हातावर असतं. ऑफिसला, भाजीला, सगळीकडे. बाजूला एक लांबलचक ओरखडा आहे, लोकलच्या दाराजवळच्या खांबाचा, ८.१४ च्या फास्टमधला. तो पडला त्या संध्याकाळी मी त्याचा चेहरा बघायला मुद्दाम थांबले होते. त्याने शर्टाच्या बाहीने पुसून पाहिलं, मग हसला. आता कुणी किंमत विचारली तर तो चाळीस हजारच सांगतो, आणि ऐकणाऱ्याचा चहा तेवढ्यालाही कपात राहतो.

परवा रविवारी जेवताना तो बाबांना समजावत होता, की स्वित्झर्लंडशी झालेला व्यापार करार ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय, स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत जाणार. बाबा आमटीत भात कालवत होते, त्यांनी मान वर केली नाही. मग दादा माझ्याकडे वळला. "आणि २०२९ ला अपोलो ११ ला साठ वर्षं होतील. काहीतरी काढणारच. स्टीलमध्ये असणार, बघ तू."

"गप रे," मी म्हटलं. आईने ताक वाढलं. दोन घास गेले असतील नसतील.

"पण आकडा असेल ना या वेळी?" मी विचारलं.