आठ बाय बाराचं घर

शनिवार, सिॲटल. पाऊस आहेच.

लेकीच्या कॉलेजातली पोरं बेघरांसाठी घर बांधतायत, ते बघून आलो. ८ बाय १२ फूट. इथल्या ‘टायनी हाउस’ वस्त्यांमधली घरं एवढीच. चाळीतली खोलीसुद्धा याहून ऐसपैस, असं म्हणणार होतो, तेवढ्यात लेकीने हिशेब मांडला. प्लायवुडची शीट ४ बाय ८ची. तीन टाकल्या की जमीन तयार, करवत लावायला नको. साडेआठ फुटांहून रुंद माल रस्त्याने न्यायचा तर वेगळा परवाना काढा. आणि क्षेत्रफळ १२० चौरस फुटांच्या आत राहिलं की नियमांत ते ‘राहतं घर’ धरलंच जात नाही. म्हणजे घर द्यायचं, पण कागदावर ते घर नाही म्हणून! धन्य आहे.

आत दिवा, हीटर, खिडकी. संडास-न्हाणी आणि स्वयंपाकघर वस्तीत सामाईक. इथे मात्र चाळ आठवलीच.

पोरांचा सगळा जीव दारात अडकला होता. चौकट फुगल्यामुळे कुलूप बसेना. एक जण रंध्याने कड तासायचा, दार लावून बघायचा, पुन्हा तासायचा. फूटपाथवर राहणाऱ्याचा दिवस सामानाची राखण करण्यातच जातो. कामाला जाणार कसा? कुलूप नीट लागलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट मला पटला.

ही तात्पुरतीच सोय. परवडणाऱ्या भाड्याची पक्की घरं हवीत, हे लेकही मान्य करते. पुढच्या आठवड्यात छताचे पत्रे चढवायचेत. शिडी धरायला मला बोलावलंय.