दिवा मालव

'अ डबल लाइफ' या १९४७च्या चित्रपटातला खून एका अगदी घरगुती वाक्यावरून होतो. अँथनी जॉन हा नट रोज रात्री ऑथेल्लो करतो, रोज रात्री रंगमंचावर डेस्डेमोनाचा जीव घेतो. असाच एकदा तो ओळखीच्या वेट्रेसच्या खोलीवर जातो. बोलता बोलता ती दिवा मालवायचं काढते. तिला काय ठाऊक, ऑथेल्लो बायकोला मारण्याआधी नेमकं दिव्याबद्दलच बोलतो! तिच्या तोंडून क्यू पडतो आणि गडी भूमिकेत शिरतो.

रोनाल्ड कोलमनला या कामाबद्दल ऑस्कर मिळालं. ते रास्तच. पण मुळशीत, बाहेर ताम्हिणीकडचा पाऊस कोसळत असताना हा सिनेमा पाहिला, तेव्हा मला जास्त धास्ती वाटली ती नाटकाच्या प्रसिद्धिप्रमुखाची. खून नाटकातल्यासारखाच झालाय म्हटल्यावर हा गृहस्थ त्याची जाहिरात करायला निघतो. मेली ती मेली, तिकिटं तर खपतील!

ऑथेल्लो आपल्याला परका नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली तो मराठीत आणला, देवलांनी १८९०मध्ये त्याचा 'झुंझारराव' केला. पुढे शिरवाडकरांनाही त्याचा मोह पडलाच. त्यांच्या 'नटसम्राट'मधल्या बेलवलकरांच्या अंगातून म्हातारपणीही भूमिका उतरत नाहीत, पण म्हणून ते कुणाचा गळा धरत नाहीत.

आपल्याकडे मामला उलटाच. नट शुद्धीवर, भूमिकेत शिरतो तो प्रेक्षक. 'सामना'तला (१९७५) हिंदुराव धोंडे पाटील आठवा, किंवा निळू फुल्यांनी केलेले ते सगळे बाईलवेडे पाटील-सरपंच. प्रत्यक्षात निळूभाऊ राष्ट्र सेवा दलात घडलेले, अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटलेले. तरी गावोगावच्या बायका त्यांच्या नावानं बोटं मोडत.

लावणीवरून आलेल्या मुळशीतल्या एका आजींना मी हे सगळं सांगितलं. त्या परातीत तांदळाची भाकरी थापत होत्या. ओल्या हातानं भाकरी फिरवत त्यांनी ऐकून घेतलं.

"माणूस लई भला होता म्हणतोस?"

"फार भला."

"असंल बाबा." भाकरी तव्यावर पडली. वरून पाण्याचा हात फिरला. "आमच्या हितं आला असता तर च्या दिला असता की. पर सुनंला पुढं धाडली नसती."