व्हिसा न काढता पाहिलेला देश

सध्या फेसबुक उघडलं की भूतान नाहीतर व्हिएतनामचे फोटो. आम्हीपण परवाच्या रविवारी एक छोटा देश फिरून आलो. सकाळी सहाला साताऱ्यातून गाडी काढली, रात्रीचं जेवण सांगलीत. देशाचं नाव औंध.

हसू नका. एकूण ७२ गावं, आणि तीही सलग नाहीत. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे, गुणदाळ तर पार विजापूरकडं. मधे इंग्रजांचा मुलूख. औंधच्या माणसाला कुंडलच्या पाहुण्यांकडं जायचं तर परदेशातून जावं लागायचं! १९४८ च्या मार्चमध्ये संस्थान विलीन झालं.

यमाईचं दर्शन घेऊन संग्रहालयात शिरलो. तिथली रविवर्म्याची चित्रं ऐकून माहीत असतात; पण हेन्री मूरचं शिल्प आपल्या खटाव तालुक्यात आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? तासभर आम्ही आणि शाळेची एक सहल, बास.

मी मात्र गेलो होतो वेगळ्या ओढीनं. जानेवारी १९३९ मध्ये इथल्या राजानं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आपण होऊन राज्यघटना केली आणि कारभार प्रजेच्या हाती दिला. मसुद्यामागे गांधीजी, राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा इंजिनिअर. गावानं पंचायत निवडायची, तिथून माणसं तालुक्याला, तालुक्यातून विधिमंडळात. आणि मतदाराला लिहिता-वाचता आलं पाहिजे, ही गांधीजींची अट.

माझी आज्जी आटपाडीकडची. तिची शाळेची पाटी घेऊन पणजोबा रात्री कंदिलापाशी स्वतःचं नाव गिरवायचे, 'ग' हमखास उलटा काढायचे, असं ती सांगायची. मत द्यायचं होतं ना त्यांना!

आणि मी? आमच्या गावच्या मागच्या ग्रामसभेचं रजिस्टर सहीसाठी घरी आलं होतं. सभा झालीच नव्हती. आणणारा ओळखीचा, चहा पिऊन बसलेला. केली सही. माझा 'ग' अगदी सुबक येतो.

औंधहून मायणी, विटा, भिवघाट करत आटपाडी गाठली. जवळच स्वतंत्रपूर. १९३९ सालीच इथं खुलं कारागृह सुरू झालं. कैदी बायकापोरांसह राहून शेती करतात. 'दो आँखें बारह हाथ' हा सिनेमा या प्रयोगावरूनच आला, आणि लिहिला गदिमांनी, ते याच तालुक्यातल्या माडगुळ्याचे. उन्हात गाडी थांबवून लांबूनच बघितलं. कुणाच्या घरात डोकावल्यासारखं वाटलं, म्हणून फोटो काढला नाही.

कुंडलला पोचेतो दिवस मावळला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं हे मोठं केंद्र. इथल्या माणसांनी इंग्रजांचं राज्य असतानाच स्वतःची न्यायदान मंडळं चालवली. चौकात चहा घेतला आणि निघालो.

आता १ मे ला ग्रामसभा आहे. रजिस्टर परत दारात आलं तर काय करायचं, यावर घरात दोन तट आहेत. बायको म्हणते, सही करायची नाही. आई म्हणते, गावात राहायचंय आपल्याला.