शेखांच्या गावाहून मेहेराबादला

दौंड सोडलं की गाडी भीमा ओलांडते आणि श्रीगोंदे तालुका सुरू होतो. जानेवारीचा शेवट होता. दोन्ही बाजूंना ऊसतोड चाललेली, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर कारखान्याच्या दिशेनं ओळीनं निघालेले. श्रीगोंदा रोड स्टेशनवर उतरलं तरी गाव अजून लांबच असतं. रिक्षानं निघालो, तर वाटेत लिंबांच्या बागा लागल्या. या तालुक्याचं कागदी लिंबू दूरदूरच्या बाजारात जातं.

निघालो होतो अरणगावला, एका गिटारवाल्याच्या मागावर. पण त्या वाटेवर श्रीगोंद्याला उतरल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

गावाचं जुनं नाव चांभारगोंदे. गोविंद नावाच्या एका चर्मकार भक्तावरून ते पडलं, असं गावात सांगतात. इथंच शेख महंमदांची समाधी आहे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांनी त्यांना गुरू मानलं आणि मठ बांधून दिला, अशी परंपरा. त्यांचा ‘योगसंग्राम’ सतराव्या शतकातला, चोख मराठी ओवीत लिहिलेला. त्यांचे गुरू चांद बोधले, आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामीही परंपरेनं चांद बोधल्यांचेच शिष्य. लोकांनी तर हिशेबच मांडून ठेवलाय: ज्ञानदेवांनंतर एकनाथ, नामदेवांनंतर तुकोबा आणि कबीरानंतर हे शेख.

समाधीपाशी एक म्हातारे गृहस्थ टाळ मांडीवर घेऊन बसले होते. टाळाची दोरी झिजलेली, तिला मधे एक नवी गाठ. वाजवत नव्हते, नुसते धरून बसले होते. मी शेजारी बसलो, तर त्यांनी सरकून जागा दिली. बोललो काहीच नाही.

महादजी शिंद्यांच्या घराण्याचा वाडाही याच गावात आहे. दिल्लीचं राजकारण हलवणारे महादजी हे सेनानी. पण हा सेनानी स्वतः भक्तिपर पदं रचायचा आणि बीडच्या मन्सूर शहांना गुरू मानायचा. पुढं शिंद्यांच्या ग्वाल्हेरीत ख्याल गायकीचं घराणं उभं राहिलं, तेच घराणं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात आणलं. गाणारा आणि ऐकणारा कुठल्या धर्माचा, हे या मातीत पूर्वीपासून कुणी विचारलेलं नाही. म्हणूनच लंडनचा एक पोरगा या बाजूला येऊन गेला, याचं मला नवल वाटत नाही.

त्याचं नाव पीट टाउनशेंड. जन्म 1945 चा. वडील नृत्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. अकराव्या वर्षी आजीनं नाताळात त्याला एक स्वस्तातली गिटार दिली. पुढं आर्ट कॉलेजात असताना त्याला अमेरिकेतल्या काळ्या गायकांच्या ब्लूजचं वेड लागलं. जिमी रीड, हाउलिन वुल्फ, बो डिडली यांच्या तबकड्या तो घासून घासून ऐकायचा. ब्लूज म्हणजे काय, ते बोटाकडे बघितलं की कळतं. तार पडद्यावर दाबायची आणि तशीच वर ढकलायची, म्हणजे सूर दोन स्वरांच्या मधल्या फटीत जाऊन रडतो. आपल्याकडं मींड घेतात, तिचीच ही लांबची बहीण. शेतात राबणाऱ्या, गुलामीतून आलेल्या माणसांनी ती तिकडं जपली.

त्याच्या बँडचं नाव ‘द हू’. 1964 च्या सप्टेंबरात हॅरो भागातल्या एका पबात वाजवताना त्याच्या गिटारीची मान ठेंगण्या छताला लागून तुटली. समोरची पोरं हसली. त्यानं चिडून ती गिटार तिथंच फोडून तुकडे केले. पुढच्या वेळी लोक तेच बघायला आले. मग लंडनच्या मार्की क्लबात दर मंगळवारी कार्यक्रम, 1965 मध्ये ‘माय जनरेशन’, 1967 मध्ये मॉन्टेरीचा महोत्सव. हात पवनचक्कीसारखा फिरवून तार छेडणारा हा बावीस वर्षांचा पोरगा जगभर गाजला. 1976 मध्ये तर गिनीज बुकानं याच बँडच्या एका कार्यक्रमाची जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा म्हणून नोंद केली. आवाज होता 126 डेसिबल. असल्या मोठ्या आवाजांनी टाउनशेंडचे कान कायमचे अधू झाले.

मॉन्टेरीहून परतताना विमानात त्यानं एसटीपी नावाचं भ्रम आणणारं द्रव्य घेतलं आणि तो अनुभव इतका भयंकर निघाला की असली द्रव्यं त्यानं सोडूनच दिली. त्याच सुमारास एका चित्रकार मित्रानं त्याच्या हातात मेहेरबाबांवरचं पुस्तक ठेवलं.

मेहेरबाबा पुण्याचे, मेरवान शेरियार इराणी. 1923 मध्ये ते अरणगावला आले, तिथं लष्कराची पहिल्या महायुद्धातली मोडकी छावणी होती. 10 जुलै 1925 ला त्यांनी मौन धरलं ते शेवटपर्यंत, साडेत्रेचाळीस वर्षं. आधी अक्षरफळ्यावर बोट फिरवून बोलत, 1954 नंतर नुसत्या हातवाऱ्यांनी. जगातला सर्वांत मोठा आवाज करणाऱ्यानं आपला गुरू निवडला तो न बोलणारा. मला ही निवड अगदी नैसर्गिक वाटते. ज्याच्या कानात सतत गोंगाट आहे, त्यालाच गप्प माणसाची किंमत कळते.

टाउनशेंडनं 1969 मध्ये ‘टॉमी’ हा ऑपेरा केला. त्यातला मुलगा ऐकत नाही, बोलत नाही, बघत नाही, आणि आतून जागा होतो. हे त्यानं बाबांना वाहिलं. पण त्याच वर्षी 31 जानेवारीला बाबांनी देह ठेवला होता. दोघांची भेट झालीच नाही. 1971 च्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावातले बाबा हेच. 1972 मध्ये टाउनशेंड समाधीच्या दर्शनाला आला.

श्रीगोंद्याहून मी नगर-दौंड रस्ता धरला. कोळगाव, चिखली मागं पडलं आणि माळ सुरू झाला. अरणगावलगतच्या मेहेराबादेत, म्हणजे बाबांच्या ठिकाणी, रेल्वे ओलांडून टेकडी चढलो. समाधी लहानशी आहे, घुमटाच्या चार कोपऱ्यांवर चार धर्मांची चिन्हं. आत भिंतींवर रंगीत चित्रं आहेत आणि उंबऱ्याशी वाकावंच लागतं. संध्याकाळच्या आरतीनंतर एकेक जण पुढं येऊन आपापल्या भाषेत गाऊ लागला. एका पोरीनं गिटार घेतली. ब्लूजचीच चाल होती. तिनं तार वर ढकलली, सूर कापला, आणि मला श्रीगोंद्यातले ते टाळवाले आजोबा आठवले.

31 जानेवारीला अमरतिथी असते, तेव्हा फार गर्दी होते. तुम्ही दुसऱ्या एखाद्या दिवशी जा, आणि जाताना आधी शेख महंमदांच्या समाधीवर थोडा वेळ बसा.