दुधाळ नळी

लॅबमधल्या पोराने रिपोर्ट द्यायच्या आधी मला आत बोलावलं. "काका, खरं सांगा, रात्री किती वाजता जेवलात?" मी म्हटलं, आठ वाजता, त्यानंतर फक्त पाणी. त्याने स्टँडमधल्या दोन नळ्या दाखवल्या. रक्त मशीनमध्ये फिरवलं की तांबडा भाग तळाला बसतो आणि वर पिवळसर, नितळ पाणी येतं. शेजारच्या नळीत तसंच होतं. माझ्या नळीत दूध. म्हणजे पाणी घातलेलं, टपरीवरचं, पण दूधच.

ट्रायग्लिसराइड्स ६१२. एचडीएल ३१. एलडीएलच्या रकान्यात नुसती रेघ, कारण ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की नेहमीच्या सूत्राने तो आकडा निघत नाही.

खरं तर मला रागच आला. थोरला भाऊ एक्कावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला, त्या दिवसापासून मी तुपाला शिवलो नव्हतो. दारू-सिगारेट कधीच नाही. वजनही बेताचं.

डॉक्टरांनी तुपाची सगळी कहाणी ऐकून घेतली आणि विचारलं, "चहा किती?" साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातला माणूस मी, गळीत हंगामात सात-आठ कप सहज होतात, प्रत्येकात दोन चमचे साखर. सोबत खारी. रात्री भात. सोमवार, गुरुवार, एकादशीला साबुदाणा. आणि तूप सोडल्याची भरपाई म्हणून जेवणानंतर गुळाचा खडा!

"जास्तीच्या साखरेची, पिठाची चरबी करून लिव्हर ती रक्तात सोडतं," ते म्हणाले. "तूप तुम्ही ताटातून काढलंत, लिव्हरने घरच्या घरी कढवलं." पाचशेच्या वर आधी स्वादुपिंडाला सूज यायची भीती, म्हणून फेनोफायब्रेटची गोळी लगेच सुरू केली. हृदयाचं दुखणं सावकाश येतं. ट्रायग्लिसराइड्स जास्त, एचडीएल कमी, ही जोडी आपल्या लोकांत फार आढळते, म्हणाले. भावाचे जुने कागद असतील तर आणा.

वहिनींनी फडताळातून फाइल काढली. दादा गेला त्याच्या आदल्या वर्षीचा रिपोर्ट. एकूण कोलेस्टेरॉल १८८. त्याखाली दादाने लाल पेनने दोन रेघा मारून 'नॉर्मल' लिहिलेलं, त्याच्या त्या शाळामास्तरी अक्षरात. दोन ओळी खाली ट्रायग्लिसराइड्स ३४०. तिथे रेघ नाही, काही नाही. दीडशेच्या आत हवं, हे तिथेच छापलेलं होतं. मीही तेव्हा तो कागद पाहिला होता आणि पेढे मागितले होते.

तीन महिन्यांनी माझा आकडा २०४ वर आला. चहा आता बिनसाखरेचा. पहिले पंधरा दिवस तो काढ्यासारखा लागायचा, खोटं कशाला बोलू.

गेल्या रविवारी पुतण्याला घेऊन त्याच लॅबमध्ये गेलो. सव्वीस वर्षांचा, बापासारखाच काटकुळा. "काका, मला कशाला? मी बारीक आहे," म्हणत त्याने बाही वर केली. तो बाहेर मोबाईल बघत बसला. मी आत जाऊन नळी उजेडासमोर धरायला लावली. पिवळी होती. पण पलीकडची खिडकी तिच्यातून स्वच्छ दिसेना.